एकोणतीस घरांची पोच

देवासच्या गोपाळराव जासुदांना फेब्रुवारीतल्या एकाच आठवड्यात तीन परदेशी विधवांची पत्रं आली आणि तिघींनाही त्यांनी सांत्वनाचं उत्तर पाठवलं. इथूनच सगळं बिघडलं.

पत्रं म्हणजे ईमेल. एक बाई कुठल्याशा जनरलची, दुसरी सोन्याच्या खाणवाल्याची आणि तिसरी अशाच कुणा बड्या असामीची. त्याचा हुद्दा गोपाळरावांना शेवटपर्यंत कळला नाही. तिघींचे यजमान एकाच दिवशी विमान कोसळून गेलेले. तिघींनाही आपली इस्टेट जगात कुणाला द्यायची असेल तर ती देवासच्या अन्नपूर्णा कॉलनीतल्या घर नंबर अकराला. गोपाळरावांना इस्टेटीचा मोह नव्हता. पण आलेल्या पत्राची पोच द्यायची नाही, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं.

रक्ताचं म्हणायचं कारण असं की जासुदांचे पूर्वज देवासच्या थोरल्या पातीच्या दरबारात पत्रं पोहोचवण्याच्या कामावर होते. देवासला गाव एक आणि गाद्या दोन होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या अलीकडे एक राजा, पलीकडे दुसरा. राज्यं गेली तरी कोण कुठल्या पातीचं हे लोक अजून धरून आहेत. गोपाळरावांचे खापरपणजोबा एकदा पत्र घेऊन धारला निघाले असता वाटेत वाघ आडवा आला. त्यांनी हात जोडून सांगितलं, ‘‘महाराज, आधी उत्तर आणून देतो, मग काय ते करा.’’ वाघ तीन दिवस तिथंच बसून राहिला म्हणतात. चौथ्या दिवशी खापरपणजोबा उत्तर घेऊन आले तोवर भुकेनं तो इतका वाळला होता की त्यानंच मान खाली घातली. या घराण्यातला माणूस पोच न देता राहील कसा? शिवाय स्वतः गोपाळरावांनी चामड्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळलेलं. निवृत्तीनंतरही घरी रजिस्टर चालू होतंच. लाइटबिल आलं तरी आवक क्रमांक पडे.

तेव्हा तिन्ही बायांना गेलं: ‘आपले कृपापत्र पावले. आपल्या यजमानांच्या अकाली निधनाची वार्ता वाचून आम्हां उभयतांस अतीव दुःख झाले. इस्टेटीविषयी आम्ही असमर्थ आहो, क्षमा असावी.’

‘‘आम्हां उभयतांस?’’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘‘मला कशाला ओढता त्या बायांच्या सुतकात? उद्या तेराव्याला जाल.’’

तेराव्याला जावं लागलं नाही, तेरावंच घरी आलं. पुढल्या आठवड्यात एकशे अठरा मेल आले. केस उगवण्याचं तेल, कर्ज, बक्षिसात निघालेली गाडी, गुप्त यंत्र, लोखंडी पाइप घाऊक भावात, आणि ‘प्रिय जासूद, मी एकटी आहे’ असं म्हणणारी एक मुलगी. गोपाळरावांनी सगळे रजिस्टरात चढवले आणि सगळ्यांना उत्तरं दिली. मुलीला त्यांनी आई-वडिलांचा सल्ला घेण्यास सुचवलं. त्याच्या पुढल्या आठवड्यात सहाशे आले.

शेजारच्या घरातली सून विनीता एका इंदूरच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरून करते. ती भिंतीवरून म्हणाली, ‘‘काका, उत्तर नका ना देऊ! उत्तर दिलं की त्यांना समजतं, हा पत्ता चालू आहे. मग ते तुमचा पत्ता दहा जणांना विकतात. नुसतं स्पॅमचं बटण दाबा आणि सोडून द्या.’’

‘‘बटण दाबायचं म्हणजे त्याला न सांगता?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे पाठीवर वार.’’

विनीताने कपाळाला हात लावला आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. संपूर्ण प्रकरणात बरोबर बोललेली ही एकटी बाई आणि तिचं ऐकलं एकाही माणसाने नाही. आपल्याकडे बरोबर सल्ल्याचं असंच होतं. तो फार लवकर आणि फार फुकट मिळतो.

मग गोपाळराव एका कचेरीत गेले. कुठली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथल्या बाबूनंच आधी सांगितलं की हे काम या कचेरीचं नाही. दुसऱ्या कचेरीतला बाबू भला होता. तो म्हणाला, ‘‘अंकल, ईमेलची तक्रार हाताने लिहून नाही चालत. ईमेलने पाठवा.’’ गोपाळरावांनी ईमेलने पाठवली. ती परत आली. कचेरीची पेटी भरलेली होती. पुन्हा हेलपाटा. बाबू म्हणाला, ‘‘काय सांगू, रोज इतका फालतू मेल येतो की खऱ्या तक्रारीला जागाच नाही उरत.’’ आठ दिवसांनी मात्र त्याच कचेरीचा मेल आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. कृपया आम्हाला पाच पैकी तारे द्या.’ गोपाळरावांनी त्यालाही आवक क्रमांक दिला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलं.

ही कथा त्यांनी पोह्यांच्या गाडीवर अशोक भियाला सांगितली आणि तिथून ती त्यांच्या हातात राहिली नाही.

अशोक भिया, म्हणजे तिकडच्या उच्चारात भैया, वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेला. घराणं दीडशे वर्षांपूर्वी साताऱ्याकडून आलेलं, पण शाळा हिंदी. त्यामुळे मराठी बोलतो सुसाट आणि वाचतो बैलगाडीने. त्याचा एकीवर फार विश्वास. ‘‘देखो गोपाळराव भिया,’’ सेव चिमटीने टाकत तो म्हणाला, ‘‘तुम्ही एकटे लढून राहिलेत, म्हणून मार खाऊन राहिलेत. तो एक जण हजार लोकांना सतावतो ना? आपल्या कॉलनीत मराठी घरं किती? एकोणतीस. त्याच्या एका मेलला एकोणतीस उत्तरं! एकदम! साल्याच्या घरी फ्यूज उडेल.’’

‘‘पण उत्तर दिलं की मेल वाढतात, असं विनीता म्हणते.’’

‘‘एकाने दिलं तर वाढतात. एकोणतिसांनी दिलं तर घाबरतात.’’

यातलं गणित गोपाळरावांना कळलं नाही, पण एकोणतीस उत्तरं हा आकडा ऐकून आवक-जावकच्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढल्या रविवारी कॉलनीतल्या मराठी समाजाच्या सभागृहात सभा भरली. सभागृह म्हणजे पत्र्याची एक मोठी खोली आणि दोन पंखे. त्यातला एक शोभेचा.

यशवंतराव अध्यक्षस्थानी बसले. वय एक्याऐंशी, पाती धाकटी. थोरल्या पातीच्या माणसानं सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तर ते आधी घड्याळ बघतात. पण त्यांच्या डोक्यावर १९९८ पासून एक केस नाही आणि केस उगवण्याच्या तेलाचे मेल त्यांना दिवसाला चार येत होते. हा कुणीतरी ओळखीच्या माणसानं केलेला अपमान आहे अशी त्यांची खात्री होती. त्यांनी काठी आपटून ठराव मंजूर केला. महिला मंडळाच्या नलिनीताईंनी अनुमोदन दिलं आणि नियमही तिथंच ठरले.

नियम असे. दर रविवारी दहा वाजता प्रत्येकाने आपापला मोबाईल आणायचा. कुणीही स्वतःचे मेल स्वतः वाचायचे नाहीत, पक्षपात होतो. तेव्हा मोबाईलची अदलाबदल. मेलच्या पहिल्या दोनच ओळी मोठ्याने वाचायच्या. पुढे वाचलं तर व्हायरस बाहेर येतो, असं अशोक भियानं लाइनमनच्या अधिकारात सांगितलं. उघड्या तारेला बोटाची मागची बाजू लावून बघतात ना, तसं. मग हात वर करून मतदान. मेल दोषी ठरला की त्याचा पत्ता समाजाच्या ग्रुपवर टाकायचा आणि एकोणतीस घरांनी त्याच दिवशी, आपापल्या शब्दांत, उत्तर धाडायचं. चिटणीस गोपाळराव जासूद.

‘‘अहो, पण ते पत्तेच खोटे असतात!’’ विनीता मागून ओरडली. ‘‘तुमची उत्तरं कुणालाच जात नाहीत!’’

‘‘सूनबाई,’’ यशवंतराव म्हणाले, ‘‘आपण तोंडावर बोलणारी माणसं. बटणं दाबणारी नव्हे.’’

टाळ्या. विनीता उठून गेली ती परत सभेला आली नाही.

दीड महिना हे चाललं. दर रविवारी एकोणतीस घरं तावातावानं उत्तरं लिहायची आणि संध्याकाळपर्यंत ती सगळी परत यायची. पत्ता अस्तित्वात नाही. मेल मात्र सगळ्या कॉलनीत सारखे वाटले गेले. ज्या घरात पूर्वी दिवसाला तीन यायचे तिथे आता दोनशे. नलिनीताईंना लोखंडी पाइपांची इतकी माहिती झाली की त्या नळवाल्याला झापू लागल्या. गुडघ्याच्या मलमाचा मेल मतदानाला आला तेव्हा यशवंतरावांनी तो निर्दोष ठरवा म्हणून हट्ट धरला, कारण त्यांनी मलम आधीच मागवलं होतं. थोरल्या पातीची बारा घरं दोषी म्हणाली, धाकटीची बारा निर्दोष, आणि उरलेली पाच घरं पुण्या-नाशकाकडून कारखान्यांच्या नोकरीसाठी आलेली, त्यांना पातीच नाही. ती चहा कधी येणार म्हणून विचारत होती. गोपाळराव तिन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन घरी आले की यमुनाबाई विचारायच्या, ‘‘झालं देशाचं? आता दळण आणा.’’

या सगळ्या धांदलीतच धारचं जमत आलं होतं.

गोपाळरावांची एकुलती एक मुलगी अल्पना इंदूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वय एकतीस. आजवर अकरा स्थळं आली आणि अकराही तिनं प्रयोगशाळेतल्या बाटलीसारखी उजेडात धरून परत ठेवली. बाराव्या वेळेला ती घरी येऊन म्हणाली, ‘‘बाबा, धारचा धवल मोहिते बरा आहे.’’ अल्पनाच्या तोंडून ‘बरा आहे’ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी सनई वाजली असती. यमुनाबाईंनी त्या दिवशी टेकरीवरच्या देवीला ओटी कबूल केली.

मुलाचे वडील मानसिंगराव मोहिते सिंचन खात्यात हेडक्लार्क होते. कुक्षीला नऊ वर्षं, मनावर गावाला सात. बघण्याच्या दिवशी सगळं गोड झालं, पण जाताना ते म्हणाले, ‘‘निर्णय आठ-पंधरा दिवसांत लेखी कळवू. आमच्याकडे तोंडी काही चालत नाही. ईमेलने पाठवीन, त्याला तारीख-वेळ राहते.’’ गोपाळरावांचे डोळे भरून आले. असा व्याही शोधून सापडत नाही.

‘‘बाबा,’’ निघताना अल्पनानं बजावलं, ‘‘धवल वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. आणि मी दुसऱ्यांदा कुणाला बरा म्हणणार नाही. तेव्हा त्यांचं पत्र आलं की नीट उत्तर द्या.’’

‘‘मला सांगतेस? उत्तर द्यायचं मला सांगतेस?’’ गोपाळराव दुखावून म्हणाले.

मे महिन्यातला दुसरा रविवार. सभागृहात पत्रा तापलेला, पंखा गरम हवा ढवळतोय. अदलाबदलीत गोपाळरावांचा मोबाईल अशोक भियाच्या हातात गेला आणि गोपाळराव नलिनीताईंचे पाइप वाचत होते. अशोक भियानं चष्मा कपाळावर घेतला आणि एकेक अक्षर दाताखाली दाबत वाचलं:

‘‘अ-भि-नंदन! आपणांस कळविण्यास अत्यानंद होतो की… अनेकांमधून आपली निवड… करण्यात आली आहे. पुढील कार्यवाहीस्तव जन्मतारीख, जन्मवेळ व संपूर्ण पत्ता… त्वरित पाठवावा.’’

‘‘जन्मतारीख मागतोय!’’ नलिनीताई किंचाळल्या. ‘‘खातं धुऊन नेणार!’’

‘‘आणि वेळ पण!’’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘‘आजकाल वेळ पण लागते वाटतं त्यांना.’’

‘‘असल्यांना मी चांगला ओळखतो,’’ गोपाळराव उसळून म्हणाले. ‘‘अभिनंदन म्हणाला की समजावं, चोर आहे!’’ आणि सर्वांत आधी हात त्यांनी वर केला. मागोमाग अठ्ठावीस हात. पाती विसरून एकमताने झालेला समाजाचा हा पहिला ठराव. यशवंतराव गहिवरले.

पत्ता ग्रुपवर गेला. कुणाचा, हे बघण्याची पद्धत नव्हती. बोटानं दाबायचा आणि लिहायचं. दीड महिन्याच्या अपयशानं सगळ्यांना चेव आलेला. अशोक भियानं लिहिलं, ‘ओ भिया, देवासवाल्यांना येडा समजून राहिलास का? समोर ये, खंब्याला बांधतो.’ नलिनीताईंनी चार पानी मजकुरात त्याच्या आईच्या संस्कारांपासून सुरुवात केली. यशवंतरावांनी कळवलं की धाकट्या पातीच्या अमलात असल्या माणसाला हत्तीच्या पायी देत. आणि गोपाळरावांनी शुद्ध, घोटीव, पूर्वजांना शोभेल अशा मराठीत लिहिलं: ‘आपणांसारख्या इसमाशी कोणताही संबंध जोडण्याची आमची इच्छा नाही. आज नाही, उद्या नाही, सात जन्म नाही.’ जावक क्रमांक दोन हजार एकशे चार.

त्या संध्याकाळी कॉलनीत दिवाळी होती. कारण एकही उत्तर परत आलं नाही! एकोणतीसच्या एकोणतीस पोहोचली! ‘‘खरा माणूस घावला!’’ म्हणून अशोक भियानं कचोऱ्या वाटल्या.

बुधवारी अल्पनाचा फोन आला.

‘‘बाबा, धवलच्या वडिलांना काय लिहिलंत?’’

‘‘मी? काही नाही. त्यांच्याच पत्राची वाट बघतोय. म्हटलं, घाई करू नये.’’

‘‘सात जन्म.’’

‘‘काय?’’

‘‘सात जन्म नाही, असं लिहिलंयत. आणि कुणीतरी त्यांना हत्तीच्या पायी देणार आहे. बाबा, हत्ती?’’

गोपाळराव खुर्चीत बसले. खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर ते जिथं होते तिथंच बसले असते. मोबाईल कानावरून काढून त्यांनी रविवारचा तो मेल उघडला. तिसरी ओळ: ‘आपली सुकन्या चि. सौ. कां. अल्पना हिला आमच्या चि. धवलसाठी…’

यमुनाबाईंनी शेजारी उभं राहून सगळं वाचलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘अहो, तिसरी ओळ तरी वाचायची होती.’’

फोन केला तर मानसिंगरावांनी धवलकरवी निरोप दिला, तोंडी चालत नाही. माफीचा मेल पाठवला तर त्याला उत्तर नाही. धवलचा चोरून निरोप आला की बाबा चार दिवस खोलीचं दार लावून काहीतरी लिहीत बसलेत, जेवायलाही उशिरा येतात. ‘लिहीत बसलेत’ हे ऐकून गोपाळरावांना एकच सुचलं. वकिलाला लिहीत असणार.

आता खरं तर समाजाला सांगायला हवं होतं. पण समाजाच्या चिटणीसानं स्वतःच्या मुलीचं स्थळ सर्वांआधी हात वर करून उडवलं, हे धाकट्या पातीला कळलं असतं तर गणपतीपर्यंत गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. गोपाळराव गप्प बसले. फक्त अशोक भियाला सांगावं लागलं, कारण मेल त्यानं वाचला होता आणि शिव्या कुणालातरी देणं भाग होतं.

‘‘मी पण चलतो धारला,’’ तो म्हणाला. ‘‘एकी पाहिजे.’’

‘‘एकीचं नाव काढलंस तर बसखाली ढकलीन!’’

तरी तो आला. रविवारी सकाळी तिघं निघाले. इंदूरला गाडी बदलली, तिथं यमुनाबाईंना खिडकी मिळाली आणि गोपाळरावांना एका माणसाची कोंबड्यांची टोपली. वाटभर ते मनात माफीचा मजकूर जुळवत होते आणि दर दोन वाक्यांनी कोंबडी मध्ये बोलत होती. अशोक भिया मागच्या सीटवर ढाराढूर. धारचा किल्ला दिसायला लागला तशी गोपाळरावांना दरदरून घाम फुटला. खापरपणजोबा याच रस्त्यानं ताठ मानेनं आले होते आणि त्यांना वाटेत निदान वाघ तरी भेटला होता.

मानसिंगरावांनी दार उघडलं, ‘या’ म्हणाले, आणि आत वळले. बैठकीत टेबल होतं. टेबलावर फाईल होती. फाईलीवर सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘देवास – प्राप्त उत्तरे – एकूण २९’. आतल्या दाराशी धवल उभा होता, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा.

‘‘बसा जासूदसाहेब. ओळख करून घेऊ.’’ मानसिंगरावांनी फाईल उघडली. ‘‘क्रमांक तीन. ‘खंब्याला बांधतो.’ हे कोण?’’

अशोक भियानं हात वर केला. ‘‘मी साहेब. लाइनमन होतो, तर खंब्याचीच आठवण येते.’’

‘‘क्रमांक नऊ. ‘हत्तीच्या पायी.’’’

‘‘यशवंतराव,’’ गोपाळराव पुटपुटले. ‘‘एक्याऐंशीचे आहेत. मनानं वाईट नाहीत.’’

‘‘हत्ती आहे त्यांच्याकडे?’’

‘‘नाही. गुडघेदुखी आहे.’’

‘‘क्रमांक चौदा. चार पानं. माझ्या आईविषयी आहेत. माझी आई अमझेऱ्याची, फार सोज्वळ बाई होती.’’

‘‘नलिनीताईंच्या वतीनं मी पाया पडतो,’’ गोपाळराव म्हणाले. अशी अठ्ठावीस पत्रं झाली. प्रत्येकाला ओळख द्यावी लागली. एकोणतिसाव्याला मानसिंगरावांनी वाचलंच नाही. कागद फक्त फिरवून समोर सरकवला.

गोपाळरावांनी आपलंच घोटीव अक्षर, म्हणजे आपलाच घोटीव मजकूर, पाहिला. बसमध्ये जुळवलेली माफी कोंबड्यांबरोबरच कुठंतरी उतरून गेली होती.

‘‘मोहितेसाहेब,’’ ते म्हणाले, ‘‘चौतीस वर्षं आवक-जावक केली. मालकाचं असो, मजुराचं असो, पुरतं वाचल्याशिवाय एक पत्र पुढे सरकवलं नाही. हे एकच. आणि ते माझ्या पोरीचं निघालं.’’ त्यांनी कागद परत सरकवला. ‘‘मला काय म्हणायचं ते म्हणा. तिनं काही केलेलं नाही.’’

मानसिंगरावांनी तो कागद फाईलीत लावला. तेव्हा यमुनाबाईंनी पदर सावरला आणि कंबरेची पिशवी उघडून एक चौघडी कागद टेबलावर ठेवला.

‘‘जन्मतारीख वर लिहिलीय. जन्मवेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जन्म देवासचाच, जिल्हा रुग्णालयात. पूर्ण पत्ता खाली लिहिलाय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या होत्या भाऊसाहेब. एकोणतीस जणांनी उत्तर दिलं, पण त्या तीन गोष्टी कुणी सांगितल्याच नाहीत.’’

मानसिंगरावांनी चष्मा लावला. कागद वाचला. पुन्हा वाचला. फाईलीला टाचला. आणि त्यांचा चेहरा, उन्हाळ्यात माठातून पहिलं पाणी झिरपावं तसा, हळूहळू ओला झाला.

‘‘वहिनी, हेच,’’ ते म्हणाले. ‘‘हेच म्हणत होतो मी धवलला. शिव्यांचं सोडा, पण प्रश्नाला उत्तर?’’ मग ते गोपाळरावांकडे वळले. ‘‘खरं सांगू? निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. किती पत्रं पाठवली असतील मी! कचेऱ्यांना, पेपरवाल्यांना, नातेवाइकांना. लिहितो कसला, विहिरीत दगड टाकतो. पाणीसुद्धा वाजत नाही. आणि त्या रविवारी दुपारी मोबाईल वाजायला लागला तो थांबेचना. एक, दोन, पाच! विचारा याला, पहिली दहा येईपर्यंत मी ती उघडलीसुद्धा नव्हती. नुसता आनंदानं घरभर फिरत होतो.’’

‘‘आईला पेढे आणायला पाठवलं होतं,’’ धवल दारातून म्हणाला.

‘‘मग उघडली. तो भाग वेगळा. पण उत्तरं होती साहेब! तारीख-वेळेसकट. असं घराणं मी सोडेन?’’ त्यांनी फाईल बंद करून तिच्यावर तळहात ठेवला. ‘‘आमचा होकार समजा. लेखी संध्याकाळी पाठवतो.’’

यमुनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. धवल आत पळाला. अल्पनाला फोन लावायला, हे उघड होतं. गोपाळरावांना चार दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेता आला आणि तो त्यांनी सोडलाही नव्हता, एवढ्यात मानसिंगराव म्हणाले, ‘‘आणि मीही कर्तव्यात कसूर केली नाही बरं का. चार दिवस बसून एकोणतिसांनाही स्वतंत्र उत्तरं लिहिली. आज सकाळी मुहूर्त बघून एकदम सोडली.’’

‘‘आज सकाळी?’’ गोपाळरावांनी विचारलं. ‘‘रविवारी?’’

‘‘साडेनऊला. सगळ्यांना सुरुवात एकच ठेवली. ‘अभिनंदन! आपले उत्तर पोहोचले.’’’

गोपाळरावांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा. देवासला पत्र्याखाली सभा भरून सव्वा तास झाला होता. एकोणतीस मोबाईलवर एकच अभिनंदन, आणि चिटणीस धारला. ते खिशातला मोबाईल काढायला धडपडले, पण बाहेर आला तो आधी रुमाल, मग बसचं तिकीट, आणि तोवर टेबलावर मानसिंगरावांचा मोबाईल टिंग करून वाजला. पुन्हा वाजला. मग त्याला दम धरवेना.

‘‘उलटटपाली आलं!’’ मानसिंगराव लहान मुलासारखे हरखून ओरडले. ‘‘धवल! नवी फाईल आण!’’

‘‘मोहितेसाहेब, उघडू नका! पाया पडतो, उघडू नका!’’

‘‘वा! न वाचता कसं चालेल? आत्ता तुम्हीच म्हणालात ना?’’ त्यांनी पहिला उघडला, चष्मा सारखा केला आणि वाचला, ‘‘‘पुन्हा तोंड वर काढलंस? या खेपेला दोन हत्ती.’ हे तर आपले यशवंतराव! गुडघा कसा आहे त्यांचा?’’

गोपाळरावांनी मदतीसाठी अशोक भियाकडे पाहिलं. अशोक भिया सोफ्याच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याच्या हातात मोबाईल होता, चष्मा कपाळावर होता, आणि ग्रुपवर आलेला आजचा पत्ता नेहमीप्रमाणे न बघता दाबून, जीभ बाहेर काढून, तो एकेक अक्षर टाईप करत होता.

‘‘एक मिनिट भिया,’’ तो वर न बघता म्हणाला. ‘‘ठरावाचं तेवढं निपटवतो.’’

टेबलावर मोबाईल पुन्हा वाजला.